विहिरीत उतरलेले औषध



आजारी माणसाच्या पोटात गेलेली गोळी त्याला बरे करते. तीच गोळी ओढ्यात आणि विहिरीत उतरली तर काय होते, हे हैदराबादजवळच्या पाटणचेरूने जगाला दाखवून दिले आहे.

ज्वारी, तूर, हरभऱ्यावर संशोधन करणारी ‘इक्रिसॅट’ ही संस्था १९७२ पासून पाटणचेरूला आहे. त्याच परिसरात औषधांचे कारखानेही वाढले. सुमारे ९० कारखान्यांचे सांडपाणी तेथील सामायिक केंद्रात शुद्ध केले जाई. स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी २००७ साली आपला अभ्यास प्रसिद्ध केला. शुद्धीकरणानंतर बाहेर पडणाऱ्या एका लिटर पाण्यात त्यांना सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक ३१ मिलिग्रॅमपर्यंत आढळले. ते औषध घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातही त्याचे प्रमाण एवढे नसते! हे पाणी नक्कावागू ओढ्यातून मांजरा नदीकडे जाई. बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरात उगम पावून लातूर, बिदरवरून खाली येते तीच ही मांजरा. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या पुढील अभ्यासात आसपासच्या गावांतील विहिरींतही औषधांचे अंश सापडले.

मग शुद्धीकरण झाले ते कशाचे? अशा केंद्रात सूक्ष्मजीव पाण्यातील कुजणारी घाण खातात. प्रतिजैविक त्यांना सहज पचत नाही. काही पाण्याबरोबर वाहते, काही गाळाला चिकटते. शिवाय सूक्ष्मजीवांना पोषण मिळावे म्हणून तेथे मैलापाणीही मिसळले जाई. म्हणजे माणसाच्या पोटातील जंतू आणि औषध एकाच हौदात! दुबळे जंतू मरतात, औषधाला न जुमानणारे वाढतात. उद्या आपल्या लेकराला ताप आला आणि गोळी लागू पडली नाही, तर त्याचे एक मूळ अशा हौदात असू शकते.

उपाय आहेत. ओझोन वायूने औषधाचे रेणू मोडता येतात, सक्रिय कोळसा ते शोषून घेतो, बारीक पडद्यांतून पाणी गाळता येते. पण वापरलेला कोळसा आणि पडद्यामागे उरलेले दाट पाणी यांची विल्हेवाट लावावीच लागते. म्हणून माझे स्पष्ट मत आहे की, सर्वांचे पाणी एकत्र होण्याआधी प्रत्येक कारखान्याने आपल्याच दारात औषध नष्ट करावे.

याने औषधे महागतील, असे कोणी म्हणेल. गरिबाला स्वस्त औषध हवे, हे खरेच. परंतु त्या स्वस्ताईची किंमत विहिरीचा मालक भरत असेल, तर तो न्याय नव्हे. आणि गुण न देणारे औषध कितीही स्वस्त असले, तरी काय कामाचे?

जानेवारी २०२० मध्ये केंद्र सरकारने सांडपाण्यातील प्रतिजैविकांच्या मर्यादांचा मसुदा काढला. ऑगस्ट २०२१ च्या अंतिम अधिसूचनेतून त्या मर्यादा गळाल्या. सप्टेंबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने याविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या. औषधाचे नाव घेऊन मर्यादा ठरवणारा कायदा आपण मागितलाच पाहिजे. ज्याची मोजणी नाही, त्याला कोणी अडवत नाही.

आपणही काही पथ्ये पाळू या. कारखान्याचा गाळ फुकट मिळतो म्हणून शेतात टाकू नका. डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय प्रतिजैविक घेऊ नका, कोंबड्यांनाही देऊ नका. उरलेल्या गोळ्या मोरीत ओतू नका. पाणी उकळूनच प्या, पण लक्षात ठेवा: उकळल्याने जंतू मरतात, पाण्यात विरघळलेले औषध जात नाही. ते कारखान्याच्या दारातच थांबवावे लागेल.