डबा उघडला की क्लब कळतो

आपल्यातले जे मित्र नोकरीला चिकटले, ज्यांचा पगार महिन्याच्या महिन्याला खात्यात पडतो, त्यांना सध्या एकाच प्रश्नानं झपाटलंय. पोरगं फुटबॉल बरं खेळतं, कुठल्या क्लबात घालू? बँकेतला विचारतो, बेस्टमधला विचारतो, मंत्रालयातला तर जेवणाच्या सुट्टीत रोज विचारतो. क्लब म्हणजे गल्लीतलं मंडळ नव्हे हं. पुण्याला, गोव्याला, दिल्लीला स्पर्धांना नेणारा, जमलंच तर विमानानं परदेशात नेणारा क्लब. पोराच्या पाठीवर नाव छापलेली जर्सी आणि बापाच्या खिशात पावती.

विचारणाऱ्याला मी हसत नाही. ज्याच्या आज्याला गावच्या जत्रेत कुस्तीच्या फडापासून लांब उभं राहायला लागलं, त्याच्या नातवानं स्टड घालून हिरवळीवर पळावं यात वावगं काय? माझी पोरगी नऊ वर्षांची आहे, डाव्या पायाची आहे. तिच्यासाठी मी गेले चार महिने चेंबूरपासून अंधेरीपर्यंत क्लब हिंडलो. फॉर्म वाचले, कोचांशी बोललो, कट्ट्यावर बसून बाकीच्या आईबापांची बोलणी ऐकली. त्यावरून माझं एक मत बनलंय, ते इथं ठेवतो. पटलं नाही तर भांडा.

मत असं आहे. बाहेरगावी नेणारा क्लब मैदानावर पारखू नका, प्रवासात पारखा. जेवायला कोण कुणाशेजारी बसतं, कोण विमानानं गेलं आणि कोण रेल्वेनं, खोलीत कुणाबरोबर कोण झोपलं आणि ज्याच्या बापाला पैसे भरता आले नाहीत ते पोरगं मुळात त्या प्रवासात होतं का, एवढं बघा. बाकीचं सगळं रंगीत पत्रक आहे.

आधी हा बाजार समजून घ्या. मुंबईत फुटबॉल ही एकेकाळी नोकरीची वाट होती. कूपरेजवर टाटा, मफतलाल, ओर्के मिल, महिंद्र, एअर इंडिया असे कंपन्यांचे संघ खेळायचे. कंपन्या काही धर्मादाय नव्हत्या, त्यांना नाव हवं होतं. पण पोराच्या पायात खेळ असला तर त्याला कंपनीत चिकटता यायचं, हजेरीपटावर नाव लागायचं, घरात पगार यायचा. पुढं 1982 चा संप झाला, गिरण्या बसल्या. कंपन्यांचे संघही एकेक करून मिटत गेले. महिंद्र युनायटेडनं 2005-06 ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि 2010 मध्ये कंपनीनं संघच बंद करून टाकला. 2014 मध्ये झगमगाटाची इंडियन सुपर लीग आली आणि खाली गल्लोगल्ली अकॅडम्या उगवल्या. हिशेब साफ उलटा झाला. आधी मालक खेळाडूला पैसे द्यायचा, आता खेळाडूचा बाप मालकाला देतो. मला एका ठिकाणी सांगितलेले आकडे असे: फी महिना चार हजार, किट सहा हजार, स्पर्धेचे पैसे वेगळे, प्रवासाचे त्याहून वेगळे. चार हजार म्हणजे आमच्या वस्तीत खोलीचं भाडं.

अमेरिकेत ही रीत जुनी आहे. तिथं बाहेरगावी खेळणाऱ्या क्लबात पोर घालायचं तर आईबाप वर्षाला हजारो डॉलर मोजतात. त्या पद्धतीला तिथलेच लोक 'पे टु प्ले' म्हणतात, म्हणजे पैसे टाका आणि खेळा. 2017 च्या ऑक्टोबरात त्रिनिदादसारख्या एवढ्याशा बेटाकडून हरून अमेरिकेचा पुरुष संघ 2018 च्या विश्वचषकाबाहेर पडला, तेव्हा तिथल्याच लोकांनी या पद्धतीच्या नावानं बोटं मोडली. गरिबांची पोरं गाळून उरलेल्यांतून संघ करता, मग हराल नाही तर काय! आपण मात्र त्यांची तीच चूक कौतुकानं विकत घेतोय.

हे लोक 'निवड' हा शब्द फार वापरतात. एका ट्रायलला मी होतो. साठेक पोरं आली होती. संध्याकाळी सगळ्यांच्या बापांच्या फोनवर एकच निरोप आला: अभिनंदन, तुमच्या पाल्याची निवड झाली आहे. परदेश दौऱ्याचंही असंच. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग शहरात 1975 पासून गॉथिया कप भरतो. चांगली स्पर्धा आहे, जगभरची पोरं येतात. पण तिथं उतरायला कुणी तुमची निवड करावी लागत नाही. नोंदणीचे पैसे भरले की कुठल्याही क्लबाला संघ उतरवता येतो. इथं मात्र बापाला सांगतात, तुमचा मुलगा भारताकडून खेळणार. बाप कर्ज काढतो. दहावी-बारावीचे क्रीडा गुण, सरकारी नोकरीतला खेळाडूंचा पाच टक्के कोटा, ही दारं मान्यताप्राप्त स्पर्धांच्या दाखल्यानं उघडतात. विमानाच्या शेजारी काढलेल्या फोटोनं उघडत नाहीत. शाळांसाठीची सुब्रतो चषक स्पर्धा 1960 पासून चालू आहे. तुमच्या पोराच्या शाळेचा संघ तिथं उतरतो का, हे आधी हेडमास्तरांना विचारा. तो प्रश्न फुकट आहे.

आता प्रवासाकडं येतो. पालवणकर बाळू यांचं नाव ऐकलंय ना? चांभाराच्या घरात जन्मलेला हा माणूस पुण्यात साहेबांच्या क्लबात चार रुपये महिन्यानं राबायचा. खेळपट्टी सारवायची, जाळं लावायचं आणि गोऱ्या अधिकाऱ्यांना तासन्‌तास गोलंदाजी करायची. हातात बॅट मिळायची नाही. पुढं पुण्याच्या हिंदूंना त्याचा डावा हात हवा झाला. मैदानात सगळे त्याच चेंडूला हात लावायचे. पण चहाची वेळ झाली की बाकीचे आत पॅव्हेलियनमध्ये कपबशीतून प्यायचे आणि बाळूला बाहेर, मातीच्या भांड्यात. 1911 मध्ये हाच माणूस इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला आणि 114 बळी घेऊन आला. तरी हिंदू संघाचं कप्तानपद त्याला दिलं नाही. ते मिळालं त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला, तेही 1923 उजाडल्यावर. 1937 च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसच्या तिकिटावर बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि पडले, हे मला ठाऊक आहे. ते राजकारण त्यांचं त्यांच्यापाशी. ते मातीचं भांडं मात्र तुमचं-माझं आहे. त्यांना हात हवा असतो, पंगतीला माणूस नको असतो.

आज मातीचं भांडं दिसत नाही. आज पत्रक येतं. एका क्लबाच्या गोव्याच्या दौऱ्याचं पत्रक माझ्याकडं आहे. त्यात छापलंय, प्रवासात डबा शुद्ध शाकाहारीच आणावा, इतर पालकांच्या भावना दुखावू नयेत. सुकट खाऊन वाढलेल्या पोरानं गोव्यात जाऊन भावना जपायच्या! त्याच पत्रकात दौऱ्याचे दोन दर आहेत. जास्त भरणाऱ्यांना विमान आणि दोघांत एक खोली, कमी भरणाऱ्यांना रेल्वे आणि हॉल. बारा वर्षांची पोरं, एकच संघ आणि स्टेशनापासूनच दोन वर्ण. दुसऱ्या ठिकाणी कोचनं पोरीला चेंडू द्यायच्या आधी आडनाव विचारलं. मग पत्ता. मग, "तिकडं म्हणजे नक्की कुठं?" मी म्हटलं, साहेब, तिचा डावा पाय बघा, नकाशा नंतर बघू.

आणखी एक जात आहे, फुकट्या पोराची. बहुतेक क्लब वस्तीतली दोन-तीन तयार पोरं बिनफीची ठेवतात, त्याला शिष्यवृत्ती म्हणतात. कप त्यांच्या जिवावर येतो, बॅनरवर त्यांचे फोटो लागतात. घ्यावी का ही शिष्यवृत्ती? जरूर घ्यावी. पण विचारून घ्यावी. गुडघा फुटला तर इलाज कोण करणार? पुढच्या वर्षी फॉर्म उतरला तर? बाहेरगावचा खर्चही माफ आहे की नुसती फी? याची उत्तरं कागदावर घ्या. तोंडी दयेवर आपली पिढ्यान्‌पिढ्या गेली.

बाकी प्रश्नही निलाजरेपणानं विचारायचे. कोचकडं परवाना कुठला? इथल्या फुटबॉल महासंघाचा डी आहे, की आशियाई महासंघाचा सी, बी, ए? लहान पोरांना सात-सात, नऊ-नऊच्या छोट्या मैदानावर खेळवता की अकरा जणांत ढकलून देता, जिथं पोराच्या पायाला अर्ध्या तासात चार वेळा चेंडू लागतो? बाहेरगावी नेलेल्या प्रत्येक पोराला खेळवता, की काहींना पाण्याच्या बाटल्या सांभाळायला नेता? डोक्यानं चेंडू मारायला कितव्या वर्षी लावता? अमेरिकेच्या संघटनेनं 2015 मध्ये दहा वर्षांच्या आणि त्याखालच्या मुलांना ते बंद केल्याचं जाहीर केलं, मेंदूला इजा होते म्हणून. पोरींबरोबर बाई असते का प्रवासात? पोक्सो कायदा 2012 चा आहे, तो क्लबाच्या भिंतीवर नसला तरी कोचच्या डोक्यात हवा. आणि शेवटचं, नोंदणी कुणाच्या नावावर? फिफाचा नियम आहे की कराराची मुदत चालू असताना खेळाडू पैसे मोजून दुसऱ्या देशातल्या क्लबात गेला, तर त्या रकमेतले 5 टक्के, तो 12 ते 23 वर्षांचा असताना ज्यांनी त्याला घडवलं, त्या नोंदणीकृत क्लबांत वाटले जातात. म्हणजे आज बापाकडून फी, उद्या पोराच्या पायातून वाटा.

इथं आपल्यातलाच कुणीतरी उठून म्हणेल, मग काय आमच्या पोरांनी जन्मभर चिंध्यांचाच बॉल लाथाडायचा? अनवाणी पोरांचे फोटो काढायला तुम्ही बरे, आणि हिरवळ त्यांना? प्रश्न रास्त आहे. मला अनवाणी पाय कवितेत नकोत, बुटात हवेत. पोराला चांगला कोच, चांगला चेंडू, चांगली जमीन मिळालीच पाहिजे, तो त्याचा हक्क आहे. पण पगारदार बापानं आपलं एकटं पोर वस्तीतून उचलून तिकडं नेऊन ठेवलं, तर काय होतं ते मी कट्ट्यावर पाहिलंय. पोर पत्ता सांगताना चाचरतं. डबा अर्धाच उघडतं. खेळ शिकतं आणि लपायलाही शिकतं. ही फी पावतीवर नसते, पण पोर ती भरतं.

म्हणून म्हणतो, हिशेब करा. दहा पगारदार बाप दहा क्लबांत जेवढं ओततात, तेवढ्यात वस्तीचा एक क्लब उभा राहतो. दहा-बारा चेंडू, खुणेचे कोन, दोन गोलपोस्ट, परवाना काढायला पाठवलेली आपलीच दोन पोरं आणि जिल्हा संघटनेकडं रीतसर नोंदणी. अशक्य नाही. नागपुरात विजय बारसे या क्रीडाशिक्षकानं 2001 मध्ये झोपडपट्टीतल्या पोरांना घेऊन स्लम सॉकर उभं केलं. 2022 मध्ये नागराज मंजुळेनं त्यावर 'झुंड' काढला. तो आपण थिएटरात शिट्ट्या मारून पाहिला आणि घरी येऊन अकॅडमीचा फॉर्म भरला!

आणि मैदान? मैदानासाठी भांडायचं. संध्याकाळी पालिकेच्या मैदानाभोवती जाळी लागते, आत फी भरलेली पोरं, बाहेर जाळीला नाक लावून आपली. मुंबईत मोकळ्या जागा खाजगी लोकांना दत्तक द्यायचं धोरण पालिकेनं 2016 मध्ये आणलं तेव्हा एवढा ओरडा झाला की मुख्यमंत्र्यांना स्थगिती द्यावी लागली. ओरडून फरक पडतो. सार्वजनिक पैशातून झालेले पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात असा बोल्यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात 4 ऑगस्ट 1923 रोजी झाला. तरी महाडच्या तळ्याचं पाणी आपल्याला 20 मार्च 1927 ला स्वतः जाऊन प्यावं लागलं. ठराव कागदावर असतो, पाणी ओंजळीत घ्यावं लागतं. तुमच्या वॉर्डातलं मैदान कुणाला, किती वाजता, किती भाड्यानं दिलंय, याचा माहिती अधिकारात अर्ज टाका. उत्तर आलं की पोरं घेऊन आत जा.

माझ्या पोरीचं मी ठरवलंय. गोवंडीकडच्या एका छोट्या क्लबात तिचं नाव घातलं. कोच वस्तीतलाच आहे, डी परवान्याचा. फी ज्याला जमेल तशी. पोरीपोरं एकत्र खेळतात. बाहेरगावच्या स्पर्धा वर्षाला दोनच, रेल्वेनं, सगळे एकाच डब्यात. गवत नाही, धूळ आहे. गेल्या महिन्यात नाशिकला गेली होती. परत आल्यावर गोल किती झाले ते सांगायच्या आधी कुणाच्या डब्यात काय होतं ते सांगत बसली. तिच्या डब्यातली सुकटीची चटणी म्हणे पहिल्या पाच मिनिटांत संपली.

चेंबूर, गोवंडी, घाटकोपरच्या दोस्तांनो, अर्ज टाकायला आणि क्लबाची नोंदणी करायला मी मोकळा आहे, रविवारी सकाळी. पगारदारांनी पाकीट घेऊन यावं, बेकारांनी पाय घेऊन यावेत.

जय भीम.