टायमिंग कानाने नको, दिव्याने लावा

मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेली. घरी जपलेल्या पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर आणि कार्बोरेटरवाल्या मारुती 800 मात्र अजून धावताहेत. त्यांच्या मालकांना माझी कळकळीची विनंती आहे. या गाड्या रोज हाताळणारे मिस्त्री कमी होत चाललेत, तेव्हा इंजिनाचं टायमिंग तपासायला आता स्वतःच शिका.

अजूनही बऱ्याच ठिकाणी टायमिंग कानाने लावतात. डिस्ट्रिब्यूटर, म्हणजे गॅरेजमधला डेल्को, थोडा फिरवायचा आणि आवाज चढला की बोल्ट आवळायचा. ठिणगी लवकर पडू लागली की उभ्या गाडीचं इंजिन जोरात फिरतं, म्हणून सगळं छान वाटतं. पुढे चार माणसं बसवून घाट चढताना तेच इंजिन टकटकू लागतं. काचा बंद आणि गाणी चालू असली तर ती टकटक ऐकूही येत नाही. आत पिस्टनचा माथा आणि हेड गॅस्केट मात्र मार खात राहतात. ठिणगी उशिरा पडली तर गाडी ओढत नाही, इंजिन तापतं आणि पेट्रोल फुकट जातं. मिनिटाला 3000 फेऱ्या असताना क्रँकला 10 अंश फिरायला सेकंदाच्या हजाराव्या भागाचा साधारण अर्धा वेळ लागतो. एवढा बारीक हिशेब कानावर सोडू नका. टायमिंग लाइट विकत घ्या, नाहीतर जुन्या गाड्या ठेवणारे दोघे-तिघे मिळून एक घ्या.

तुमच्या गाडीत एमपीएफआय असेल तर हे काम तुमचं नाही. तिथे ठिणगीची वेळ कॉम्प्युटर ठरवतो.

काम मोकळ्या जागेत करा. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवलं तर धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीव घेऊ शकतो, आणि त्याला वास नसतो. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड. ओढणी, पदर, सैल बाही पंख्यापासून लांब.

आधी पॉइंटचा गॅप फिलर गेजने तपासा. गॅप बदलला की टायमिंगही सरकतं, त्यामुळे हे काम नंतर केलंत तर आधीची मेहनत वाया जाईल. पुलीवरची खाच घासून पुसून तिच्यावर पांढरा रंग लावा. पद्मिनीत तिच्या जोडीच्या खुणा टायमिंग कव्हरवर आहेत. मारुती 800 मध्ये खूण फ्लायव्हीलवर असते, ती गिअरबॉक्सकडच्या छोट्या खिडकीतून दिसते. इंजिन पूर्ण गरम होऊ द्या. आयडलिंग मॅन्युअलप्रमाणे ठेवा, डेल्कोची व्हॅक्यूम नळी काढून तिचं तोंड बंद करा. लाइटच्या दोन वायरी बॅटरीला आणि क्लिप एक नंबरच्या प्लग वायरला.

आता लाइट पुलीवर धरा. गरगर फिरणारी पुली जागच्या जागी थांबल्यासारखी दिसेल आणि पांढरी खूण खुणेसमोर उभी राहील. पुली थांबलेली नाही, हे त्या क्षणी नक्की लक्षात ठेवा. बोट जवळ नेऊ नका. खूण मॅन्युअलमधल्या अंशावर नसेल तर डेल्कोचा बोल्ट जेमतेम सैल करा आणि डेल्को अगदी हलक्या हाताने फिरवा. आतला रोटर ज्या दिशेने फिरतो तिच्या उलट फिरवलं की ठिणगी लवकर, त्याच दिशेने फिरवलं की उशिरा. बोल्ट आवळून पुन्हा लाइट मारा, कारण आवळताना खूण हमखास सरकते.

इथेच थांबू नका. ॲक्सिलरेटर हळूहळू वाढवा. खूण लवकरच्या बाजूला सरकत गेली पाहिजे, हे काम डेल्कोतल्या वजनांचं. ती जागची हललीच नाही तर वजनं गंजून अडकली आहेत. बऱ्याच ‘पिकअप नाही’ म्हणणाऱ्या गाड्यांचं दुखणं इथे असतं, आणि मालक कार्बोरेटर बदलत बसतात. मला तर ही तपासणी आयडलिंगच्या आकड्याइतकीच मोलाची वाटते.

मॅन्युअलचा आकडा त्या काळच्या पेट्रोलसाठी आहे. देशभर शिसंमुक्त पेट्रोल आलं 2000 मध्ये, आता त्यात इथेनॉलही असतं. म्हणून सुरुवात त्या आकड्यापासून करा, व्हॅक्यूम नळी परत जोडा, मग काचा उघड्या ठेवून एखादा चढ टॉप गिअरमध्ये चढा. टकटक आली तर एक-दोन अंश उशिरा करा आणि तो आकडा तारखेसह लिहून ठेवा.

लाइटखाली खूण एका जागी न राहता नाचत असेल तर मात्र डेल्को फिरवत बसू नका. बहुतेक वेळा त्याच्या शाफ्टचं बुश झिजलेलं असतं. डेल्को काढून चांगल्या लेथवाल्याकडे द्या आणि नवं बुश बसवून घ्या.