नळ, मोटार आणि लेखी अर्ज



१९०१ साली मसूर स्टेशनावर उतरलेल्या नऊ वर्षांच्या भीमरावाची हकिगत आपल्यापैकी बहुतेकांस ठाऊक आहे. वडील गोरेगावी नोकरीस होते व मुले साताऱ्याहून त्यांना भेटावयास निघाली होती. अंगावर चांगले कपडे, गाठीस भाड्याचे पैसे; परंतु जात कळताच एकही गाडीवान तयार होईना. अखेर दुप्पट भाडे कबूल केल्यावर एकाची गाडी मिळाली, तीही मुलांनीच हाकावी व गाडीवानाने पायी चालावे या अटीवर. जवळ अन्न होते. पाणी कोणी दिले नाही, म्हणून मुले उपाशी राहिली.

गाडी आणि पाणी या दोन गोष्टी त्या एका प्रवासात एकत्र आल्या. साखरा येथील असो वा सेनगाव तालुक्यातील दुसऱ्या एखाद्या गावची, बौद्ध कुटुंबापुढे त्या आजही एकत्रच येतात. फरक हा की, आज गाडी एस. टी. महामंडळाची आहे आणि नळ ग्रामपंचायतीचा. संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदाने सार्वजनिक विहिरी, तलाव व रस्ते सर्वांस खुले केले. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने नळ व सार्वजनिक वाहन यांपासून अस्पृश्यतेच्या कारणाने कोणास अडविणे हा गुन्हा ठरविला. तोंडावर नकार देणे आता सोपे राहिलेले नाही. म्हणून नकाराने दुसरा वेष घेतला आहे. जलवाहिनी वस्तीच्या अलीकडेच संपते, आणि मोटार शाळा भरून गेल्यावर येते.

अशा वेळी "सरकार काही करीत नाही" असे म्हणून आपण गप्प बसतो. कोणते सरकार? मुंबईत बेस्टची वाहतूक ७ ऑगस्ट १९४७ पासून महानगरपालिकेकडे आहे आणि पाणीही तीच पुरविते. तक्रार कोठे न्यावयाची हे तेथील चाळीतल्या बाईस ठाऊक असते. खेड्यात मात्र गावची नळयोजना ग्रामपंचायतीकडे, तिचे तांत्रिक काम जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागाकडे, मोठ्या योजना महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडे. मोटारीचे वेळापत्रक हिंगोली आगाराकडे आणि त्यावरचा विभाग नियंत्रक परभणीस. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी वेगळा झाला, तरी एस. टी.चा विभाग परभणीचाच राहिला! माणूस या दारातून त्या दारात फिरतो आणि दमून घरी येतो.

पाण्याचा प्रश्न अधिक निकडीचा आहे. १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जल जीवन मिशनाने ग्रामीण भागातील प्रत्येक घरी नळ आणि दरडोई दररोज ५५ लिटर पाणी हे माप ठरविले. "प्रत्येक घरी" हे शब्द नीट वाचा. चौकात उभारलेल्या एका तोटीने ते पुरे होत नाहीत. या मिशनाच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे गावच्या पाणी समितीत निम्म्या स्त्रिया असावयास हव्यात, आणि दुर्बल घटकांनाही जागा आहेत. आपल्या वस्तीतील कोणती भगिनी त्या समितीत बसते? नाव कागदावर आहे आणि सही घरी येऊन घेतली जाते, असे असेल तर ती जागा रिकामीच समजावी.

दुसरी गोष्ट नवदीक्षित कुटुंबांनी विशेष लक्षात ठेवावी. "तुम्ही आता बौद्ध झालात, ही योजना तुम्हांस लागू नाही," असे उत्तर प्रस्तुत लेखकाने एका कार्यालयात स्वतःच्या कानांनी ऐकले आहे. ते साफ खोटे आहे. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांस अनुसूचित जातींच्या यादीत स्थान मिळाले. राज्य शासनाच्या योजनेचे तर नावच "अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्त्यांचा विकास करणे" असे आहे. पाणीपुरवठा, अंतर्गत रस्ते व गटारे ही कामे तीत येतात. समाजमंदिर बांधले की पुढारी खूश होतात, आपणही होतो. पण मंदिरासमोरून बाया डोक्यावर हंडे घेऊन जात असतील तर आधी पैसा कोठे जावा, हे गावानेच बोलले पाहिजे.

मोटारीचेही तसेच. १२ वीपर्यंतच्या ग्रामीण विद्यार्थिनींस एस. टी.चा मोफत पास आहे, आणि १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांस अर्धे तिकीट. मुलीच्या शाळेच्या वेळेस गाडीच नसेल, तर पास दप्तरातच राहावयाचा.

महाडची गोष्ट याच दृष्टीने पाहावी. ४ ऑगस्ट १९२३ रोजी कायदेमंडळात बोले यांचा ठराव झाला, १९२४ मध्ये नगरपालिकेने चवदार तळे खुले केले; तथापि २० मार्च १९२७ पर्यंत ते पाणी आपल्यास बंदच होते. पुढे नगरपालिकेने आपला ठरावही मागे घेतला, आणि उच्च न्यायालयाचा निकाल १९३७ साली लागला. बाबासाहेबांनी दहा वर्षे कागद सोडला नाही.

तेव्हा पुढील ग्रामसभेस जा, स्त्रियांसह जा. वस्तीत किती घरे व नळ किती घरांत, हे मोजून न्या. मोटारीसाठी मुख्याध्यापकांचे पत्र व ग्रामसभेचा ठराव जोडून आगार व्यवस्थापकांकडे अर्ज द्या. प्रत्येक अर्जाच्या दोन प्रती करा. एक कार्यालयात ठेवा आणि दुसरीवर शिक्का, तारीख व सही घेतल्याशिवाय उठू नका.