उतरता येत नसेल, तर पुन्हा वर जा!

खराडीत एखाद्या गच्चीवर उभं राहिलं की लोहगावला उतरणारी विमानं दिसतात. ती बघता बघता ‘आपणही पायलट व्हावं’ असं तुमच्यापैकी कुणाला तरी वाटलंच असेल. तसं असेल, तर बारामतीकडे जरा लक्ष द्या.

9 ऑगस्ट 2025 रोजी तिथे शिकाऊ विमानाला आपत्कालीन लँडिंग करावं लागलं. टायर खराब झालेलं, उतरताना पुढचं चाक निखळलं, विमान बाजूला गेलं. शिकाऊ वैमानिक सुखरूप राहिला. त्याआधी 19 आणि 22 ऑक्टोबर 2023 ला, चार दिवसांत, रेडबर्ड संस्थेची दोन विमानं बारामती परिसरात कोसळली होती. डीजीसीएने तेव्हा त्या संस्थेचं प्रशिक्षणच थांबवलं. जुलै 2022 मध्ये तर इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीत एकटी उडणारी 22 वर्षांची विद्यार्थिनी विमानासह शेतात उतरली आणि थोडक्यात वाचली.

प्रत्येक अपघाताचं कारण वेगळं असतं. पण उतरणं हा शिकणाऱ्याचा सगळ्यात अवघड धडा, हे खरं. वेग कमी, उंची कमी, म्हणून चूक सुधारायला वेळही कमी. विमान आपटून उसळलं की घाबरून नाक खाली दाबलं जातं, पुढचं चाक आधी टेकतं आणि पुढची उसळी आणखी जोरात बसते. यावर उपाय आहे, गो-अराउंड. पूर्ण पॉवर द्यायची, वर जायचं, चक्कर मारून नव्याने यायचं.

उपाय सोपा, पण तो मनाला पटत नाही. कमर्शियल लायसन्ससाठी 200 तास उड्डाण लागतं, फी लाखांत, घरचं कर्ज डोक्यावर. अशा वेळी ‘परत वर गेलो तर जमत नाही असं वाटेल’ ही भीती असतेच. म्हणूनच गो-अराउंडला नापास समजणारा प्रशिक्षक धोकादायक, आणि वर जाणाऱ्याला हसणारे मित्रही.

संस्थांचीही जबाबदारी आहे. डीजीसीएने ऑक्टोबर 2025 पासून प्रशिक्षण संस्थांची क्रमवारी सुरू केली. पहिल्या यादीत ‘ए प्लस’ आणि ‘ए’ या दोन्ही वर्गांत एकही संस्था नव्हती! तेव्हा ॲडमिशन घेताना चकचकीत ब्रोशर बाजूला ठेवा आणि थेट विचारा: क्रमवारीत वर्ग कोणता? विमानांची देखभाल कोण करतं? मागच्या अपघातानंतर नेमकं काय बदललं? विद्यार्थ्याने बिघाड सांगितला तर विमान जमिनीवर थांबतं का?

उत्तर देताना समोरचा चिडला, तर फी भरू नका. पायलट होण्याचं स्वप्न मात्र सोडू नका. दुसरी संस्था शोधा.