एक रेघ आणि दोन गावं

कॉन्व्हेंटमध्ये इंडस्ट्रियल रिव्होल्यूशनचा धडा मी इंग्रजीतून घोकला होता. जेम्स वॅट, स्टीफन्सन, मोर्स! मार्क्सही चांगले मिळाले. पण तो धडा कळला होस्टेलवर आल्यावर, धुळ्याच्या रूम-पार्टनरशी भांडताना. जळगाव मोठं की धुळे, हा आमचा रोजचा वाद.

खरं सांगायचं तर जुना मान धुळ्याचा. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि कॅप्टन ब्रिग्जने खान्देशचं मुख्य ठाणं धुळ्याला केलं. मुंबई-आग्रा रस्ताही तिथूनच जातो. तेव्हा कापूस बैलांवर लादून, घाट उतरून मुंबईला जायचा. रस्ता ज्याच्या दारात, बाजार त्याचा.

मग १८६० च्या दशकात जी.आय.पी. रेल्वे आली. चाळीसगाव, जळगाव, भुसावळ करत १८६७ ला नागपूरला पोचली. धुळे बाजूलाच राहिलं. रुळांबरोबर तारेचे खांब आले, मुंबईचा भाव इथल्या व्यापाऱ्याला झटपट कळू लागला. वॅगनमध्ये जास्त माल मावावा म्हणून कापूस दाबून गाठी बांधणारे प्रेस आले. १८७० च्या दशकात जळगावात कापडगिरणी निघाली आणि सूर्य बघून कामाला जाणारा माणूस भोंगा ऐकून जाऊ लागला. धुळ्याला चाळीसगावहून फाटा मिळाला तो थेट १९०० मध्ये! १९०६ ला जिल्ह्याचे दोन भाग झाले, तेव्हा पूर्व खान्देशचं मुख्यालय झालं जळगाव.

इंजिन तेच, कापूसही तोच. फरक पडला नकाशावरच्या एका रेघेने. ती रेघ मारली खान्देश-वऱ्हाडचा कापूस बंदरात न्यायला. वाटेतल्या गावांचं काय होईल, हे कोण विचारणार? धुळ्यावरून जाणाऱ्या मनमाड-इंदूर मार्गाला केंद्राची मंजुरी मिळाली सप्टेंबर २०२४ मध्ये. रूम-पार्टनर म्हणतो, "आमचे आजोबा याचीच वाट बघत गेले." यावर मी काय बोलणार?

शोधांमुळे जग बदललं असं आपण सहज लिहितो. माझ्या मते शोध फक्त ताकद देतो, ती कुणाच्या दारात न्यायची ते माणसं ठरवतात. उद्या रस्ते, कालवे, टॉवर यांच्या रेघा आपणच मारणार आहोत. सर्व्हेइंगच्या प्रॅक्टिकलला लेव्हल घ्यायला शिकवतात. रेघेबाहेर कोण राहिलं, हा प्रश्न मात्र सिलॅबसमध्ये नाही. तो आपणच विचारायचा.