तक्रार न करणारा कैदी

तुरुंगातला दवाखाना तक्रारीवर चालतो. कैद्याने दुखते म्हणावे, शिपायाने वर कळवावे, मग डॉक्टरांनी तपासावे. अर्थशास्त्र शिकवताना मी गरज आणि मागणी यांतला भेद सांगत असे : खिशात पैसा नसलेल्याची भूक बाजाराला दिसत नाही. तुरुंगात पैशाच्या जागी वाचा येते. ज्याची समज सात-आठ वर्षांच्या मुलाएवढीच राहिली, ज्याला कुठे आणि केव्हापासून दुखते हे सांगता येत नाही, त्याच्या दुखण्याची नोंदच होत नाही. अशा माणसांत फेफऱ्याचे प्रमाण अधिक असते. गोळी चुकली की झटका येतो. घरी ती आई आठवणीने देते. बराकीत कोण देणार? उलट त्याचे गप्प राहणे हा उद्दामपणा ठरतो.

कायदा काय करतो? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने प्रत्येक राज्यात निदान एका तुरुंगात मानसोपचाराची व्यवस्था सांगितली; पण मानसिक आजाराच्या व्याख्येतून मतिमंदता वगळली. शास्त्रदृष्ट्या ते योग्यच, कारण मतिमंदता हा आजार नव्हे. परंतु आजारी नाही म्हणून त्याला गरजाच नाहीत, हा निष्कर्ष कोणत्या शास्त्रात बसतो? २०१६ चा अपंग हक्क कायदा या माणसांना आपले म्हणतो, पण तुरुंगाच्या दाराशी त्यांना ओळखणार कोण, हे सांगत नाही. अखेर जुलै २०२५ मध्ये तामिळनाडूतील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की, अपंग कैदी प्रवेशाच्या वेळीच ओळखा.

‘असे कैदी असतील तरी किती?’ हा शहाजोग प्रश्न नेहमीचा. मोजलेच नाहीत, तर आकडा येणार कुठून? २०२२ अखेर देशात ५,७३,२२० कैदी होते. त्यांपैकी ४,३४,३०२ जणांचा गुन्हा सिद्धही झालेला नव्हता. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने फाशीची शिक्षा झालेल्यांची पाहणी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली, तीत शेकडा सुमारे ११ जण बौद्धिकदृष्ट्या अपंग आढळले. त्याच वर्षी कलकत्ता उच्च न्यायालयाने एका नेपाळी माणसाला सोडले. लहान मुलाएवढी समज असलेला हा माणूस खटला न चालताच सुमारे ४० वर्षे कोंडून होता.

आपल्या अचलपूर तालुक्यात वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी बेवारस मतिमंद मुलांना आपले नाव दिले. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर या मुलांनी जायचे कुठे, हे ते शासनाला वर्षानुवर्षे विचारत आले आहेत. पद्मश्री देणे सोपे होते. ज्यांना वझ्झर लाभत नाही, त्यांतल्या काहींच्या वाट्याला कोठडीच येते.

अमरावतीच्या मध्यवर्ती कारागृहापुरती तरी आपण मागणी लावून धरावी : आत येणाऱ्या प्रत्येकाची समज तपासावी, घरच्यांकडून औषधांची माहिती घ्यावी, आणि अशा कैद्याला तक्रारीची वाट न पाहता दर आठवड्याला तपासावे. याला नवी इमारत लागत नाही. आणि अचलपूरच्या न्यायालयात रिमांडच्या वेळी आपला एक कार्यकर्ता उभा असावा; गावातला कोणता पोर ‘भोळा’ आहे, हे वकिलाआधी त्याला ठाऊक असते.