डोक्यातली डायरी

रूममेटची डायरी चोरून वाचली तर होस्टेलवर राडा होतो. मग डोकंच वाचलं तर?

२००८ साली पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका तरुणीला खुनाबद्दल जन्मठेप सुनावली, तेव्हा मेंदूच्या लहरींचा अहवालही पुरावा मानला. चाचणीत आरोपी गप्पच असतो; त्याला वाक्यं ऐकवतात आणि यंत्र ‘आठवण’ शोधतं! ५ मे २०१० रोजी सेल्वी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, अशी चाचणी सक्तीने करायची नाही. चिलीने तर २०२१ मध्ये मेंदूतल्या माहितीचं संरक्षण राज्यघटनेतच घातलं.

आपल्याकडे संमतीने चाचणी चालते. पण कोठडीतल्या ‘हो’ला किती अर्थ? उद्या ही यंत्रं आपल्यापैकीच कुणीतरी बनवणार. सर्किटबरोबर हा प्रश्नही शिकायला नको का?